मोटरहोमचे दार मुक्कामाच्या ठिकाणीच का अडते?

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. प्रश्नकर्त्यांनी सहा वर्षांपूर्वी एका लांब व्हॅनचे मोटरहोम करून घेतले. त्याच्या राहत्या भागाला डाव्या अंगाला, बिजागऱ्यांवर उघडणारे स्वतंत्र दार आहे. कासच्या वाटेवर एका परिचितांच्या आवारात मुक्काम केला, की सकाळी हे दार आतून उघडत नाही, आणि बाहेरून चावी फिरवली तर ती अर्ध्यावर अडते व कुलपाची जीभ मागे सरकत नाही. घरी आल्यावर तेच कुलूप बहुतेक वेळा विनातक्रार चालते. गेल्या महिन्यात तर खंबाटकी घाट उतरताना धावत्या गाडीत दार आपोआप उघडले. चावीवाल्याने जुने कुलूप ड्रिलने काढून नवे बसवण्यास सुचवले आहे. तसे करावे का, असे त्यांनी विचारले आहे.

आज तरी करू नये. मी गेली चोवीस वर्षे सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत बस, रुग्णवाहिका आणि अलीकडे मोटरहोम यांची बॉडी बांधण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करतो. ‘लॉक गेले’ म्हणून आमच्याकडे आलेल्या दारांपैकी बहुतेकांचे लॉक काढून टेबलावर ठेवले, की ते निमूटपणे चालू लागते. चावीवाल्याचा सल्ला वाईट हेतूचा नसतो. त्याला कुलूप दाखवले जाते, चौकट कोणी दाखवत नाही, म्हणून तो कुलपावर बोलतो.

आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे घरी चालते आणि डोंगरावर अडते. झिजलेले कुलूप जागा पाहून झिजत नाही. जागेप्रमाणे बदलते ती गाडी. आपल्या गाडीची चासी बहुधा शिडीसारखी असणार, म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. खराब रस्त्यावर चाके जमिनीला धरून राहावीत म्हणून ती थोडी पिळली जाणे अपेक्षितच असते. गाडी उतारावर किंवा खड्ड्याच्या कडेला उभी केली आणि एक चाक बाकीच्यांपेक्षा वर राहिले, की हा पीळ वरच्या बॉडीतही चढतो. मूळ गाडीत दार नसलेल्या जागी आपण पत्रा कापून दार केलेले असेल, तर बॉडीचा तोच भाग सर्वांत नरम असतो आणि पीळ तिथेच उघड होतो. घरच्या सपाट फरशीवर काटकोनात असलेली चौकट डोंगरावर किंचित तिरकी होते. दार मात्र स्वतः ताठ असल्याने तिरके होत नाही, आणि या दोघांच्या भांडणात कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या छिद्रात चेमटली जाते. चावी अडते ती तिथे.

हे अंदाजावर सोडण्याची गरज नाही, मोजता येते. घरी सपाट जागेवर दार पूर्ण उघडून चौकटीचे दोन्ही कर्ण, म्हणजे एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही अंतरे, पोलादी टेपने मोजून चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावीत. पुढच्या मुक्कामात दार अडले, की कसेही करून ते उघडल्यावर गाडी न हलवता तेच कर्ण पुन्हा मोजावेत. दाराची मोकळी जागा १८०० मिलिमीटर उंच आणि ६०० मिलिमीटर रुंद धरली आणि कुलपाकडचा खांब बिजागरीकडच्या खांबापेक्षा फक्त ३ मिलिमीटर वर उचलला गेला, तर दोन कर्णांत सुमारे पावणेसहा मिलिमीटरचा फरक पडतो. याचा अर्थ असा, की डोळ्यांना न दिसणारी गडबड टेपला सहज सापडते. घरीच कर्णांत फरक निघाला, तर चौकट कायमची तिरकी झाली आहे असे समजावे. घरी ते सारखे आणि मुक्कामात वेगळे निघाले, तर दोष बहुधा गाडी उभी करण्यात आहे, आणि त्यावर कुलूपवाल्याकडे औषध नाही.

कर्णांच्याही आधी करण्याजोगी एक चाचणी अगदी साधी आहे आणि तिला एक मिनिटही लागत नाही. दार उघडे ठेवून, म्हणजे जीभ कुठेही न टेकता, चावी आणि आतली मूठ दहा-बारा वेळा फिरवून पाहावी. तिरकी जीभ अंगठ्याने आत दाबली तर ती स्प्रिंगने झटकन बाहेर आली पाहिजे, आणि चावीने निघणारी चौकोनी जीभ खर्र आवाज न करता पूर्ण बाहेर व पूर्ण आत गेली पाहिजे. उघड्या दारात सगळे सुरळीत आणि बंद दारात अडचण, असे असेल तर कुलूप निर्दोष आहे. उघड्या दारातही चावी अडत असेल, तरच कुलूप खोलण्याचा विचार करावा.

जीभ नेमकी कुठे घासते हे पाहण्यासाठी आम्ही कुंकू वापरतो. सांगलीच्या माणसाने खरे तर हळद सुचवायला हवी, पण पिवळा डाग पितळी पट्टीवर दिसत नाही, म्हणून कुंकूच बरे. चिमूटभर कुंकू खोबरेल तेलाच्या दोन थेंबांत कालवून जिभेच्या टोकाला आणि चारही कडांना बोटाने पातळ लावावे, दार न आपटता हळूच लावावे, चावी एकदा फिरवून परत घ्यावी आणि दार उघडावे. चौकटीवरच्या पट्टीवर उठलेला लाल डाग छिद्राच्या वर आहे की खाली, बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या, यावरून पुढचे सगळे ठरते. डाग छिद्राच्या खालच्या ओठावर असेल तर दार खाली उतरले आहे. बाहेरच्या ओठावर असेल तर दार पुरते आत बसत नाही, म्हणजे रबर बीडिंग, अर्थात फट बंद करणारी कडेची रबरी पट्टी, त्याला बाहेर ढकलते आहे किंवा दाराचा एक कोपरा पिळून बाहेर आला आहे. डाग कुठेच नसेल आणि तरी दार हलत असेल, तर छिद्र आधीच कोणीतरी कानस मारून मोठे केले आहे, आणि धावत्या गाडीत दार उघडण्याचे एक कारण तिथेच सापडण्याचा संभव आहे.

दार उतरले असेल तर पट्टी खाली सरकवण्याचा मोह होतो, कारण ते दहा मिनिटांचे काम आहे. आधी बिजागऱ्या पाहाव्यात. दार अर्धे उघडून त्याच्या मोकळ्या कडेला खालून दोन्ही हातांनी धरावे आणि हलकेच वर उचलावे. एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, खेळ जाणवला तर बिजागरीची पिन किंवा बुश (पिनेभोवतीची नळी) झिजली आहे, किंवा बिजागरीचे स्क्रू आतल्या लाकडातून सैल झाले आहेत. मोटरहोमचे दार बाहेरून अॅल्युमिनियमचे दिसले, तरी आत पुष्कळदा लाकडी चौकट आणि थर्माकोलसारखे भरण असते. महाबळेश्वर, बामणोली या पट्ट्यातल्या पावसात स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले, की ते लाकूड आधी फुगते आणि मग भुसभुशीत होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे बाहेरून येणाऱ्या मालकांना सांगावे लागते, साताऱ्याच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. अशा भुसभुशीत लाकडात मोठा स्क्रू मारून भागत नाही. दोन्ही बाजूंनी पत्र्याची पट्टी घेऊन आरपार बोल्ट टाकावेत आणि बोल्टच्या डोक्याखाली सिलंट, म्हणजे पाणी अडवणारे लुकण, भरावे.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी अगदी अशाच तक्रारीच्या एका गाडीला मी पाठोपाठ दोन कुलपे बदलली आणि तिसऱ्या वेळी पट्टीला कानसही मारली. मालक सज्जन होते, तरी चौथ्यांदा आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते. त्या दिवशी प्रथमच मी गाडीखाली आडवा झालो, आणि दाराच्या बरोबर खाली बॉडीला चासीशी बांधणारा एक बोल्ट सैल होऊन त्याखालचा रबरी ठोकळा निम्मा चुरलेला दिसला. बॉडी त्या कोपऱ्यात बसली होती आणि दाराची चौकट तिच्याबरोबर खचली होती. नवा ठोकळा आणि नवा बोल्ट यांचा खर्च एका कुलपाच्या निम्माही आला नाही. तेव्हापासून दाराचे काम आले, की आमचा मुलगा आधी गाडीखाली टॉर्च घेऊन जातो. आपणही दाराच्या पुढचे आणि मागचे बॉडी बोल्ट, त्यांचे रबर आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतले वेल्डिंग एकदा पाहून घ्यावे. वेल्डिंगच्या कडेने रंगाला केसासारखी चीर गेली असेल आणि तिच्यातून गंजाचे पाणी ओघळल्याची तपकिरी रेघ दिसत असेल, तर आतला जोड तुटलेला आहे.

बीडिंगबद्दल थोडक्यात सांगतो. दाराच्या आणि चौकटीच्या मध्ये कागदाची पट्टी ठेवून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा. सगळीकडे तो सारख्या जोराने निघाला पाहिजे. एका बाजूला तो फाटतो आणि दुसरीकडे गळून पडतो, असे असेल तर दार पिळलेले आहे किंवा बीडिंग चुकीच्या जाडीचे आहे. नवे बीडिंग बसवल्यावर दार महिनाभर कडक लागणे साहजिक आहे. त्यावर दार आपटणे हा उपाय नव्हे, कारण आपटण्याचा मार बीडिंगला नव्हे तर कुलपाच्या जस्ताच्या ओतीव पेटीला बसतो.

उन्हाचाही विचार करावा. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. १८०० मिलिमीटर उंचीचे अॅल्युमिनियमचे दार ३० अंशांनी तापले तर सुमारे सव्वा मिलिमीटर वाढते आणि त्याच वेळी लोखंडी चौकट त्याच्या निम्मीच वाढते. जत-आटपाडीकडे एप्रिलच्या दुपारी दार पश्चिमेला तोंड करून उभे केले, तर एरवी काठावर चालणारे कुलूप चार वाजता अडते आणि रात्री नऊला आपोआप सुटते. आपली तक्रार सकाळची असल्यामुळे हे कारण आपल्याला लागू दिसत नाही, पण उन्हाळ्यात तशीच अडचण आली तर घाबरू नये. दारावर ओले पोते टाकून वीस मिनिटे थांबले तरी ते सुटते.

आता खुद्द कुलपाकडे येऊ, कारण सहा वर्षांत ते स्वच्छ राहिले असेल असे नाही. कासच्या पठारावरची जांभ्याची लाल धूळ फार बारीक असते आणि चावीच्या भोकात सहज शिरते. तिच्यावर कोणी इंजिन ऑइल किंवा ग्रीस सोडले, की तिचा लगदा होतो आणि आतल्या पितळी पत्त्या आपापल्या खाचेत चिकटून बसतात. चावी लगेच सैल फिरते म्हणून तेल घालणाऱ्याला समाधान वाटते, आणि दोन महिन्यांनी ती पहिल्यापेक्षा घट्ट होते. माझी पद्धत अशी आहे, की आधी गंज सोडवणाऱ्या स्प्रेने भोक धुऊन काढावे, चावी आत-बाहेर करून दर वेळी फडक्याला पुसावी, चावीवर काळी-तांबडी घाण येणे थांबेपर्यंत हे करावे, एक रात्र कोरडे होऊ द्यावे आणि मग ग्रॅफाइट पावडर फुंकावी. पावडर मिळाली नाही तर मऊ पेन्सिलीचे टोक चावीच्या दातांवर जाड घासून ती चावी वीस-पंचवीस वेळा फिरवली तरी काम भागते. धुण्याचा स्प्रे हेच वंगण आहे असे समजून तेवढ्यावर थांबू नये. तो उडून जातो आणि कुलूप कोरडे पडते. ग्रीस लावायचे ते फक्त जिभेच्या तिरक्या अंगाला आणि बिजागरीच्या पिनेला, तेही पुसट.

आतून दार न उघडण्याचे आणखी एक कारण मुठीत असते. मूठ आणि कुलूप यांना जोडणारी चौकोनी दांडी मऊ धातूची असली, तर तिच्या कडा गोल होतात आणि मूठ नुसतीच फिरते. मूठ नेहमीपेक्षा जास्त खाली जात असेल, तर तिचे दोन स्क्रू काढून दांडी बाहेर घ्यावी आणि कडा बोटाने चाचपाव्यात. दाराला रिमोटचे लॉकही असेल आणि ते कधी चालते, कधी नाही असे होत असेल, तर दार व चौकट यांच्यामधल्या रबरी नळीतल्या तारा तपासाव्यात; दार रोज उघडझाप होऊन तार आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते.

पुढच्या वेळी आत अडकलात तर मूठ जोराने पिळू नये. एकाने कुलपाजवळ दारावर गुडघ्याने दाब द्यावा, दार बाहेर ढकलावे, आत ओढावे, मोकळी कड किंचित वर उचलावी आणि या प्रत्येक स्थितीत दुसऱ्याने मूठ सावकाश फिरवावी. जिभेवरचा भार सुटला, की ती स्वतःहून मागे येते. तरीही न सुटल्यास चालकाच्या दाराने बाहेर पडून गाडी दोन-चार हात पुढे घ्यावी. जागा बदलली की पीळ बदलतो आणि दार बहुधा लगेच उघडते. मुक्कामाला पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी पाणसळ गाडीच्या आतल्या फरशीवर एकदा रुंदीच्या आणि एकदा लांबीच्या दिशेने ठेवून पाहण्याची, आणि खालच्या चाकापुढे फळी टाकून त्यावर गाडी चढवण्याची सवय लावून घ्यावी. पीळ काढण्यासाठी एका कोपऱ्याला जॅक लावून ठेवू नये. त्याने पीळ वाढण्याचाच संभव जास्त असतो, आणि आत माणसे असताना तर ते धोक्याचे आहे.

चालकाच्या केबिनमधून राहत्या भागात येण्याची वाट कपाटाने किंवा पलंगाने बंद केलेली असेल, तर हा सगळा विषय गैरसोयीचा न राहता जिवाचा होतो. आपण आत गॅसवर स्वयंपाक करत असणार. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साठतो, आणि अशा वेळी एकमेव दार अडणे परवडणारे नाही. खिडकी आतून हाताने, चावीशिवाय, पूर्ण उघडते आणि तिच्यातून मोठा माणूस बाहेर पडू शकतो, हे एकदा प्रत्यक्ष उतरून पाहावे. चोरीच्या भीतीने रात्री बाहेरून कडी-कोयंड्याला कुलूप लावून चालक-मदतनीस बाहेर झोपतो, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. तसे कधीही करू नये.

धावत्या गाडीत दार उघडले, ही माझ्या मते आपल्या तक्रारीतली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. गाडीच्या मूळ दारात पंजासारखे फिरणारे लॅच असते, ते चौकटीवरच्या जाड खुंटीला कवटाळते आणि त्याला दोन खटके असतात. पहिल्यावर दार नुसते अडकते, दुसऱ्यावर पक्के बसते, म्हणून दुसरा निसटला तरी पहिला दार धरून ठेवतो. घराच्या किंवा कपाटाच्या कुलपात ही सोय नसते. त्याची तिरकी जीभ छिद्रात जेमतेम १० ते १२ मिलिमीटर जाते आणि बॉडी पिळली किंवा हादरली, की निसटते. आपल्या दाराला घरगुती कुलूप बसवले आहे असे वर्णनावरून वाटते. तसे असल्यास बदलण्याजोगी वस्तू तीच आहे, पण चौकट सरळ केल्यानंतर. कुलूप हवे तर चोरीपासून संरक्षणासाठी ठेवावे. दार धरून ठेवण्याचे काम दोन खटक्यांच्या लॅचला द्यावे, आणि ते आतून एका हाताने, चावीशिवाय सुटणारे असावे. तोवर प्रवासात त्या दाराजवळच्या आसनावर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये. लॅच बसवल्यावर एक गंमत होते ती आधीच सांगून ठेवतो. दार उघडे असताना कोणी पंजा बोटाने मिटवला, की दार लागतच नाही, खुंटीवर आपटून परत येते, आणि मालक घाबरून फोन करतात. मूठ ओढून धरावी आणि पंजा स्क्रू ड्रायव्हरने मागे फिरवावा, एवढेच करायचे असते.

बाजारात जाताना जुने कुलूप खोलून पिशवीत घेऊन जावे. ते शक्य नसेल तर दाराची जाडी, दाराच्या कडेपासून चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, कुलपाच्या पुढच्या पट्टीची लांबी आणि दार बाहेरून पाहता डावीकडे उघडते की उजवीकडे, या चार गोष्टी लिहून न्याव्यात. परदेशी बनावटीचे तयार कॅराव्हॅन लॉक मागवण्याआधी दाराची जाडी दोनदा मोजावी, कारण ते ठरावीक जाडीच्या दारासाठी बनवलेले असते आणि आपल्याकडे हाताने बांधलेल्या दाराची जाडी वर एक आणि खाली एक अशी निघण्याचीही शक्यता असते.

राहिली चावी. रोजच्या वापरातली झिजलेली चावी देऊन नवी काढून घेतली, तर नवीही झिजलेलीच निघते. न वापरलेली दुसरी मूळ चावी शोधून तिच्यावरून प्रत करावी आणि चावीवर किंवा सोबतच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर जो क्रमांक असेल तो घरच्या वहीत उतरवून ठेवावा. जादा चावी राहत्या भागातल्या खणात न ठेवता चालकाच्या केबिनमध्ये ठेवावी. आमच्याकडे निम्म्या जादा चाव्या अडलेल्या दाराच्या आतच सापडतात.